दारातलं लोखंडी कडं

“उद्या सकाळपर्यंत हे भंगार इथून हललं पाहिजे.”

“नाही हलणार.”

“बाई, मी विनंती करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतेय?”

“अहो, या आठवड्यात मोठ्या ऑफिसची माणसं येणार आहेत! मोजणीच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं काय दिसणार त्यांना? पाइपाचा गंजका तुकडा!”

“गंजका? दर सहा महिन्यांनी रंग देते मी त्याला, स्वतःच्या हाताने. तुमच्या केबिनच्या दाराचे पोपडे बघा आधी.”

“लोक भिंतीवर प्रमाणपत्रं लावतात. तुम्ही स्वतःची चूक दारात मांडून ठेवलीय!”

“प्रमाणपत्रावर बसता येत नाही, साहेब.”

मॅनेजरसाहेबांनी बुटाच्या टोकाने त्या भंगाराला हलकेच ढोसलं. ते तसूभरही हललं नाही. हलणार कसं? चांगलं चाळीस किलोंचं कडं होतं ते. गुडघ्याएवढं उंच, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल असं, तेलाच्या जाड पाइपातून कापून काढलेलं. वर गोल लाकडी फळी, म्हणजे बसायची सोय. आणि बाहेरून चारी बाजूंना पांढऱ्या रंगात चार आकडे: बारा, तीन, सहा, नऊ. खाली एक तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची.

बाईंना तेलाचं सगळं पंपिंग स्टेशन ‘घड्याळबाई’ म्हणायचं, ते या आकड्यांमुळेच. पाइपाच्या कामात वर-खाली, डावं-उजवं असं बोलत नाहीत. पाइपाचा माथा म्हणजे बारा, तळ म्हणजे सहा, एक कूस तीन, दुसरी नऊ. बाईंच्या अंगात ते इतकं मुरलं होतं, की घरीसुद्धा त्या नवऱ्याला सांगायच्या, “अहो, बशीला नऊवर साबण राहिलाय.”

साहेबांना इथे येऊन तीनच महिने झाले होते. हुशार माणूस, कपडे कडक इस्त्रीचे आणि वय बाईंच्या नोकरीपेक्षा थोडंसंच जास्त. त्यांचा खरा राग कड्यावर नव्हताच. तो होता त्यांच्या हातातल्या कागदावर.

“बरं, कडं राहू द्या. या कागदाचं बोला. तुम्ही लिहिलंय, तीन नंबरच्या लाइनमध्ये एक्केचाळीस ते त्रेचाळीस या खांबांच्या मध्ये थर आहे. चाळीस मिलिमीटर. बारा मीटर लांब. आणि बाकी लाइन स्वच्छ?”

“स्वच्छ.”

“चार किलोमीटरांत फक्त बारा मीटर?”

“घशात काटा अडकला तर तुम्ही नखशिखांत ऑपरेशन करून घेता का?”

साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. “हे बघा. दोन महिने पंप धापा टाकतोय, तेल पुढे जात नाहीये. काहीतरी करायला हवं, मान्य. तुम्ही एवढंच लिहा, की संपूर्ण लाइनमध्ये कमीजास्त थर आढळतो. नऊ दिवस लाइन बंद ठेवू, रसायनाने धुऊन काढू. धुतल्यावर कोण विचारायला येतंय, कुठे होता आणि कुठे नव्हता?”

“मी येईन.”

“बाई!”

“नऊ दिवस कशाला? बारा मीटर कापा, नवा तुकडा बसवा. दोन दिवसांचं काम.”

“आणि कापला अन् आतून लख्ख निघाला तर? या तुमच्या कड्यासारखा?”



“निघाला तर काय?” बाईंनी विचारलं.

“तर मोजणीचं काम बाहेरच्या कंपनीकडे. ही खोली बंद. मी वर बोलून ठेवलंय.”

ही खोली म्हणजे काय, ते साहेबांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या लेखी ती एक खिडकी, दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट. बाईंच्या लेखी अठ्ठावीस वर्षं.

बाईंचे वडील पाववाले. भट्टीतून पाव निघाला की तो उलटा करायचे आणि बुडावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. पोकळ आवाज आला की भाजला. बद्द आला की परत आत. लहानपणी बाईंनी एकदा विचारलं होतं, “बाबा, कापूनच बघा ना!” वडील म्हणाले, “कापलेला पाव मग तू विकत घेशील का?” न कापता आतलं ओळखायचं, हा धंदा असा त्यांच्या घरात आधीपासूनच होता. फक्त पावाच्या जागी पाइप आला.

तेविसाव्या वर्षी त्या इथे लागल्या त्या आकडे लिहून घ्यायला. मोजणी करायचे ते मामा. कोणाचे मामा ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांचेच. मामा ओरडायचे, “बारा ते सहा, लिही!” आणि बाई लिहायच्या. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात यायला लागलं, की मामांच्या तोंडून कधीकधी तिनाचा आठ होतोय.

“मामा, पुन्हा बघा.”

“का गं? मी काय आंधळा आहे?”

“नाही हो. पण शेजारच्या जागेपेक्षा एकदम एवढा फरक कसा पडेल?”

मामा पुन्हा बघायचे आणि आकडा दुरुस्त करायचे. दोन वर्षांनी त्यांनी चष्मा पुसत मोजायची डबी बाईंच्या हातात दिली. “घे बाई. तुझे डोळे तरुण आहेत आणि जीभ माझ्याहून तिखट.”

मोजणी तशी सांगायला सोपी. पाइपाच्या एका अंगाला शिशाच्या जाड डब्यात किरणांचा उगम बसवायचा, बरोबर समोरच्या अंगाला मोजायची डबी. डब्याची झडप उघडली की किरण पाइपाच्या आरपार जातात. मध्ये आडवं जितकं जास्त येईल, तितके पलीकडे कमी पोचतात. “टॉर्चपुढे हात धरा, मग चादर धरा, मग गादी धरा,” बाई नव्या माणसांना सांगायच्या. “टॉर्च तोच. उजेड किती उरला त्यावरून ओळखा, आड काय आलंय.” पाइप कापायचा नाही, तेल थांबवायचं नाही, एक भोकही पाडायचं नाही.

आणि हा थर तरी येतो कुठून? जमिनीतून तेलाबरोबर खारं पाणीही वर येतं. एका विहिरीचं पाणी एका स्वभावाचं, दुसरीचं दुसऱ्या. दोघांची गाठ पाइपात पडली की पटत नाही. जुंपते. त्या भांडणात पाण्यातले क्षार सुटून पाइपाला चिकटतात आणि दगडासारखे घट्ट बसतात.

एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी अशीच एक जागा दाखवली होती. वीस मिलिमीटर थर, म्हणाल्या होत्या. छातीठोकपणे. पाइप कापणारा माणूस कोण? बाईंचा नवरा! आगीशिवाय, पाइपाभोवती फिरून कापणारं मशीन त्याच्याइतकं सफाईने चालवणारं स्टेशनात दुसरं कोणी नव्हतं. लाइन रिकामी करायला घेतली, तर तळाच्या नळातून आधी नुसतं पाणीच आलं, बादल्याच्या बादल्या. मग पाइप कापला. आतून लख्ख.

तेल हलकं, पाणी जड. त्या दिवसांत लाइन मंद चालली होती आणि पाणी तळाशी जाऊन आरामात लोळत पडलं होतं. बाईंनी मापलं होतं फक्त बारा ते सहा, वरून खाली. मधलं पाणी त्यांना थर वाटलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने आधी दोन घास खाल्ले. मग न राहवून म्हणाला, “आत इतका स्वच्छ होता, की मी भांग पाडून घेतला.”

“चार लोकांत माझं नाक कापलंत आणि वर भांग पाडताय?”

“अगं, मी पाइप कापला. नाक तुझं तू मध्ये आणलंस.”

बाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या ते एवढंच, “तो तुकडा फेकू नका. मला हवाय.”

तेव्हापासून तो दारात होता. रोज सकाळी बूट बदलायला बाई त्याच्यावरच बसायच्या. आणि तेव्हापासून एकही जागा त्यांनी फक्त वरून खाली मापली नाही. बारा-सहा झालं की तीन-नऊ. लाइन मंद असताना एकदा आणि पंप वाढवायला लावून पुन्हा एकदा, कारण जोर वाढला की पाणी पळतं, थर बसून राहतो. आणि आकडा कागदावर जाण्याआधी पाइपावर लिहायचा, पांढऱ्या रंगात, जाता-येता सगळ्यांना दिसेल असा. नंतर कोणी म्हणायला नको, की बाईंनी कापल्यावर आकडा बदलला.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तुम्ही माझी मोजणी कधी बघितलीय?”

“रिपोर्ट बघितलेत.”

“मोजणी?”

बाईंनी साहेबांच्या हातात किरण मोजणारा बिल्ला ठेवला. “छातीवर लावा. आणि दोरीच्या बाहेर उभं राहायचं. हिरो व्हायचं नाही.”

बेचाळीस नंबरच्या खांबाशी दुपारचं ऊन पाइपावर तापत होतं. चारही बाजूंना दोरी, दोरीला लाल पाट्या. बाईंनी डबा बांधला, पाणसळ लावून पाहिली, पट्टा पुन्हा एकदा खेचला. झडप उघडली, लांबच्या दांड्याने. मग दोरीबाहेर येऊन एक मिनिट नुसतं थांबायचं. त्या मिनिटात बाई कोणाशी बोलत नसत. साहेबांनी तोंड उघडलं, बाईंनी बोट वर केलं, साहेबांनी तोंड मिटलं.

पडद्यावर आकडा आला. बाईंनी वॉकीटॉकी उचलला. “कंट्रोल, तीन नंबर वाढवा. पाऊणपर्यंत.”

“घड्याळबाई, पंप आधीच कण्हतोय हो!”

“दहा मिनिटं कण्हू दे. औषध त्याच्यासाठीच शोधतेय.”

पाइप घुमायला लागला. पायाखालच्या खडीपर्यंत ती थरथर पोचली. पुन्हा झडप, पुन्हा एक मिनिट. पुन्हा तोच आकडा. शेवटच्या अंकात काय ते इकडचं तिकडे.

“पाणी असतं तर?” साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात इस्त्री नव्हती.

“पळालं असतं. पलीकडे जास्त किरण पोचून आकडा चढला असता.”

“तुम्हाला... खात्री आहे?”

“खात्री एकोणीस वर्षांपूर्वी होती. आता मोजणी आहे.”

मग बाईंनी डबा कुशीला फिरवून तीन-नऊही तसंच मापलं, झडप बंद केली आणि ब्रश उचलला. बारावर लिहिलं ३८. सहावर ४३. तीनवर ४१. नऊवर ४०. खाली तारीख आणि सही. रंगाचा एक ओघळ नऊच्या शून्यावरून खाली आला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला.

साहेबांनी पाइपाभोवती फिरून चारही आकडे वाचले. मग मोबाइल काढून पलीकडे गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “परवा लाइन बंद. कापू. मोठ्या ऑफिसची माणसं त्याच दिवशी इथे असतील.”

“छान. खुर्च्या मांडू का?”

त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, “परत मीच कापायचं?”

“दुसरा आहे का कोणी?”

“आहेत की आता. दोन आहेत. मी सुट्टी टाकतो. माझी पाठ दुखतेय.”

“कालपर्यंत नव्हती दुखत.”

“काल तू मला तारीख सांगितली नव्हतीस.” नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पेल्याच्या काठावरून बायकोकडे बघितलं. “चार दिवस, अगं. चार दिवस मी मांजराशी बोलत होतो.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ताटातच ठेवलं. “कापणार तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही तुम्हीच कापलात, आताही तुम्हीच. परवा चांगलं निघालं तर मला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नाहीये.”

“आणि वाईट निघालं तर?”

“तर मांजर आहेच.”

कापायच्या दिवशी लाइन रिकामी करून, आतली वाफ काढून, तीनतीनदा तपासून झाली होती. मोठ्या ऑफिसची माणसं पांढरी हेल्मेटं घालून रांगेत उभी. साहेब त्यांच्या पुढे, हात मागे बांधून. बाई मात्र खांबाच्या सावलीत, एकट्या.

मशीन पाइपाभोवती गोल गोल फिरायला लागलं. पात्याखालून लोखंडाची चकचकीत वेलबुट्टी निघत होती आणि खाली पडत होती. नवरा पात्यावर गार पाण्याची धार धरून वाकला होता, पाठ बिलकुल न दुखता. एक कड कापून झाली. हातभर सोडून दुसरी. क्रेनच्या पट्ट्यात तुकडा अडकवला, आणि तो बाहेर आला.

 तुकड्याचं तोंड अजून नवऱ्याच्या बाजूला होतं. बाईंना दिसत होती ती फक्त नवऱ्याची पाठ. ती पाठ हलेना.

“अहो?” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने क्रेनवाल्याला हाताने खूण केली. तुकडा हवेत सावकाश फिरला.

आत पाइपाच्या पोटात दुसरा पाइप असावा, तसं ते दिसत होतं. फिक्या पिवळसर दगडाचा, गोलाकार, एकावर एक पुटं चढलेला. भाजलेल्या पावाचा कडक पापुद्रा, पण मनगटाएवढ्या जाडीचा. मधून तेल जायला उरली होती ती थोडकीच वाट.

नवऱ्याने खिशातून पोलादी पट्टी काढली. आत बसवली. आणि मग, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा, तो ओरडला:

“बारा! अडतीस!”

लोकांच्या माना पाइपावरच्या रंगाकडे वळल्या. ३८.

“सहा! त्रेचाळीस!”

पांढऱ्या हेल्मेटांपैकी कोणीतरी “अरे बापरे” म्हणालं. कंट्रोल रूमच्या जिन्यावरून टाळ्या आल्या. नवरा पट्टी फिरवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही ऐट होती, की पाइप त्यानेच घडवला असावा. तो बायकोकडे बघून म्हणाला, “आज भांग नाही पाडता येणार गं!”

बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी हेल्मेट पुढे ओढलं. एकोणीस वर्षं जिच्यावर बसून बूट बदलले, ती चूक आज कुठल्या कुठे खाली राहिली होती, आणि त्या तिच्यावर ताठ उभ्या होत्या. वडील असते तर त्यांनी हा पाइप उलटा करून बुडावर टकटक केली असती.

“तीन!” नवऱ्याचा आवाज जरा अडखळला. “तीन... पंचेचाळीस.”

रंगात लिहिलं होतं ४१.

“नऊ. छत्तीस.”

रंगात होतं ४०.

“चार मिलिमीटरचं काय घेऊन बसलाय!” साहेब पुढे आले. त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, सगळ्यांसमोर. “बाई, मानलं तुम्हाला! न कापता! एवढ्या जाड लोखंडातून! मी आता सांगतोय यांना, ही खोली कुठे जात नाही.”

“एक्केचाळीस आणि चाळीस, एक्याऐंशी,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पंचेचाळीस आणि छत्तीस. एक्याऐंशीच. बेरीज बरोबर आली. वाटणी चुकली.” त्या स्वतःशीच बोलत होत्या. किरण आरपार जाताना दोन्ही कुशींचा थर एकदमच आडवा येतो. कुठल्या कुशीत किती, ते डबी थोडी सरकवून ताडावं लागतं. तिथे कुठेतरी त्यांचा हात चुकला होता. “तीनवर जास्त. का बरं जास्त? अहो, दुसऱ्या विहिरीचं पाणी कुठल्या बाजूने येऊन मिळतं या लाइनला?”

“आज तरी सोड!” नवरा म्हणाला.

दुपारी मोजणीच्या खोलीत चार माणसं घाम गाळत नवं कडं घेऊन आली. मागून साहेब, हातात पेढ्याचा नाही तरी तसल्याच कशाचा तरी पुडा, चेहऱ्यावर उत्सव.

“इथे, दारात ठेवा! पाहुणे आले की पहिलं हेच दिसलं पाहिजे. आणि ते जुनं उचला.”

“जुनं राहील,” बाई म्हणाल्या. त्या टेबलाशी उभ्या राहून खडू, पट्टी आणि लाइनचा नकाशा पिशवीत भरत होत्या.

“अहो, दोन दोन कशी राहतील? दार उघडायचं नाही!”

“मग नवं तुमच्या केबिनमध्ये न्या. छान दिसेल. पोपडेही झाकले जातील.”

“बाई, ऐका तरी. ही तुमची जीत आहे! ते दारात ठेवायचं सोडून...” साहेब हातवारे करत मागे सरले आणि नकळत जुन्या कड्यावरच बसले. बसल्या बसल्या वर बघत त्यांनी विचारलं, आणि या वेळी खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना, “आज तुम्ही जिंकलात ना? मग या चुकीची अजून काय गरज आहे तुम्हाला?”

बाईंनी साहेबांकडे बघितलं. मग त्यांच्या दोन बुटांच्या मधून दिसणाऱ्या पांढऱ्या सहाकडे बघितलं. खडूचा तुकडा कानामागे खोचला, हेल्मेट उचललं, आणि दुसऱ्या विहिरीचं पाणी कुठल्या बाजूने येतं ते बघायला त्या खोलीबाहेर पडल्या.